पहिल्या मालाला सुरी लावत नाहीत

शुक्रवार उजाडला की माझं डोकं चहाच्या आधीच तापलेलं असायचं. शुक्रवारी माझ्या भाचीच्या प्लेग्रुपमध्ये ‘सेन्सरी प्ले’ असायचा. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत एक बंगला, फाटकावर फुलपाखरं रंगवलेली, आणि अंगणात प्लास्टिकचे टब मांडलेले. एका टबात हिरवे-गुलाबी रंगवलेले तांदूळ, दुसऱ्यात कोरडा राजमा आणि हरभरे, तिसऱ्यात बेसन. त्यात दोन-अडीच वर्षांची पोरं सोडायची. मुलांनी हातापायांनी, नाकाने, कानाने जग ओळखायचं, असा त्याचा अर्थ तिथल्या मॅडमनी पालकांच्या सभेत समजावला होता. अर्थाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. माझं भांडण राजम्याशी होतं.

भाऊ सातपूरला कंपनीत, भावजय बँकेत. दोघंही सकाळीच बाहेर पडतात, त्यामुळे भाचीला नेण्या-आणण्यापासून भरवण्या-झोपवण्यापर्यंत सगळं माझ्याकडे. मी एकटी, त्यांच्याच इमारतीत एक मजला खाली राहते. लग्न का केलं नाही हे विचारणाऱ्यांना मी दुसऱ्यांदा विचारायची संधी देत नाही. भाचीच्या आधी बरीच वर्षं मी लहान मुलांच्या एका डॉक्टरांकडे बाहेरच्या टेबलावर बसायचे. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, आणि त्याच सुमारास भाची जन्मली. तिला पहिल्यांदा माझ्या मांडीवर देताना भावजय म्हणाली होती, ‘ताई, तुम्ही आहात म्हणून मी नोकरी करू शकणार आहे.’

दवाखान्याच्या टेबलावर बसून एक गोष्ट पक्की कळते. लहान मुलाला जेवढी भोकं आहेत, तेवढ्यांत काही ना काही जातंच. नाकात चिंचोका, कानात हरभरा. हरभरा आत गेल्यावर ओल लागून फुगतो, मग बाहेर यायचं नाव घेत नाही. आई रडत यायची, बाप आईवर ओरडत यायचा, आणि आजी म्हणायची, ‘आत्ता तर इथंच खेळत होता.’ एक पोर मात्र उशिरा आलं. शेंगदाणा होता. त्याच्याबद्दल मी कुणाशी बोलत नाही. त्यानंतर डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना, लादी पुसणाऱ्या मावशींसकट, एका बाहुलीवर शिकवलं: मूल पालथं कसं घ्यायचं, डोकं किती खाली, आणि पाठीत कुठे आणि किती जोरात मारायचं. ‘प्रेमाने थोपटू नका,’ ते म्हणायचे, ‘प्रेम नंतर करा.’

तर राजमा. मी पहिल्याच महिन्यात मॅडमना गाठलं.

‘मॅडम, हा राजमा काढा. हरभरेपण.’

‘आम्ही मुलांना सांगतो ना, तोंडात नाही घालायचं म्हणून. त्याचं गाणंच आहे आमचं.’

‘दोन वर्षांच्या मुलाला गाण्यातून कळतं?’

‘तुम्ही फार निगेटिव्ह विचार करता, आत्या.’

तिथे मला सगळे आत्याच म्हणायचे. पगार न घेता मी साऱ्या गल्लीची आत्या झाले होते.

मला सांगा, घरी आपण वरणभाताचा घास करून ‘आ कर’ म्हणतो. घास घेतला की टाळ्या वाजवतो. तेच तांदूळ, तेच बेसन शाळेत टबात ओतून म्हणायचं, हे खायचं नाही. त्या जिवाला कुठून कळावं की आज हे खेळणं आहे आणि काल जेवण होतं? माझा नियम साधा आहे. जे मुलाच्या घशात अडकू शकतं, जे कच्चं पोटात गेलं तर बाधतं, ते खेळायला द्यायचं नाही, मग ते कितीही रंगीत असो. कच्चा राजमा बाधतो, कच्चं पीठही बरं नाही. द्यायचंच तर असं द्या की गिळलं तरी नुसतं पोटात जाईल. आणि आधी विचारा, कुठल्या पोराला दूध चालत नाही, कुणाला शेंगदाण्याने पुरळ उठतं.

मी घरी तेच करायचे. जमिनीवर जुनी चादर, त्यावर परात. परातीत मऊ शिजवलेला गार भात, कधी कुस्करलेलं रताळं, कधी बिटाच्या पाण्याने गुलाबी केलेलं दही. भाची कोपरापर्यंत हात घालायची, केसांना लावायची, चाटायची आणि माझ्या गालाला फासायची. मी शेजारी मांडी घालून बसलेली, फोन आतल्या खोलीत. माझ्या आईने ते पाहिलं असतं तर अन्नाचा अपमान केला म्हणून मला बडवलं असतं. पण त्या तासाभरात मला जेवढं सुख मिळायचं तेवढं आयुष्यात दुसऱ्या कशात मिळालं नाही, हे खरं आहे आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही.

मॅडम ऐकेनात, तेव्हा मी फाटकाशी उभी राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या आयांना हरभऱ्याच्या गोष्टी सांगायला लागले. आठवडाभरात राजमा गेला. पण त्याची किंमत मला घरी मोजावी लागली. मॅडमनी भावजयीला फोन करून सांगितलं की तुमच्या आत्या पालकांना घाबरवतात.

‘ताई, मला तिथे तोंड दाखवायचं असतं,’ भावजय म्हणाली.

‘मग दाखव की. मी काय तुझ्या तोंडाला काळं फासलंय?’

माझी जीभ तिखट आहे, हे मला ठाऊक आहे. पण गोड जिभेची माणसं त्या अंगणात भरपूर होती आणि त्यांतल्या एकीलाही राजमा दिसला नव्हता.

मग द्राक्षांचे दिवस आले. मॅडम कुठल्याशा वायनरीत जाऊन आल्या होत्या. तिथे पाहुणे लोक पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून द्राक्षं तुडवतात आणि फोटो काढून घेतात. मॅडमच्या डोक्यात उजेड पडला: आपल्या मुलांनी का तुडवू नयेत? पायाला गार लागेल, चिकट लागेल, वास येईल. सेन्सरी म्हणजे आणखी वेगळं काय असतं? शिवाय नाशिकची संस्कृती! दारू गाळायची पद्धत दुधाच्या दातांच्या पोरांना शिकवायची आणि वर तिला संस्कृती म्हणायचं, हे फक्त गंगापूर रोडलाच सुचू शकतं.

द्राक्षं कुठून आणायची हा प्रश्नच नव्हता. माझ्या भावजयीच्या माहेरी, दिंडोरीकडे, द्राक्षाची बाग आहे. तिचे वडील आनंदाने तयार झाले. नातीच्या शाळेत आपला माल जाणार म्हटल्यावर त्यांची छाती फुगली. मी त्यांना काका म्हणते. आदल्या रविवारी ते घरी आले होते, तेव्हाच मी विषय काढला.

‘काका, द्राक्षासारखं वाईट काही नाही. गोल, गुळगुळीत, नेमकं पोरांच्या घशाच्या मापाचं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देताना उभं चिरून चार फोडी करून द्यावं.’

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग पोट धरून हसले.

‘द्राक्ष चिरून? ताई, मग उद्या दूधपण चावून द्याल! आमची पोरं बागेतच वाढली. घडाला तोंड लावून खायाची. कुणाला काय झालं नाय.’

‘ज्यांना झालं असेल ते सांगायला येत नाहीत, काका.’

भावजयीने कप असा आपटला की बशी तडकायचीच बाकी राहिली. ‘ताई, असलं अभद्र बोलू नका. वास्तू तथास्तु म्हणत असते.’

तेव्हा काकांनी मला समजुतीच्या सुरात त्यांच्या घरची रीत सांगितली. बागेतला खुडा सुरू झाला की पहिल्या घडातलं पहिलं द्राक्ष घरातल्या सगळ्यात लहान पोराच्या तोंडात घालायचं, मोठ्याच्या हातून, अख्खं. पहिल्या मालाला सुरी लावत नाहीत. लावली तर साल कापलं जातं, म्हणजे त्या वर्षी बागेला काही ना काही होतं. ‘तुम्ही शहरातली माणसं,’ ते म्हणाले, ‘तुम्हाला नाय कळायचं.’ मी विषय तिथेच सोडला, कारण काका मनाने सरळ माणूस आहेत आणि त्यांच्याशी भांडायला मला मजा येत नव्हती.

मॅडमशी मात्र मी भांडले आणि जिंकलेही. म्हणजे मला तसं वाटलं. शेवटी ठरलं की टबातली द्राक्षं प्लेग्रुपमधल्या मावशी आधीच तुडवून ठेवतील, मुलं फक्त लगद्यात नाचतील. माल धुतलेला होता, फवारणीही कधीच थांबवलेली होती, ते काकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. मी निर्धास्त झाले नव्हते, पण घरी बसून राहण्याइतकी घाबरलेही नव्हते.

त्या शुक्रवारी अंगणात जत्रा होती. पोरांना पांढरे टीशर्ट घातलेले, स्पीकरवर गाणी लावलेली, आणि प्रत्येक आईच्या हातात फोन वर धरलेला. भावजयीने अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. काका पांढरीशुभ्र टोपी घालून क्रेटपाशी उभे होते. पहिला मान अर्थातच मालकाच्या नातीचा. मी भाचीचे बूट-मोजे काढले, तिला टबात उभं केलं आणि मॅडमनी मला हाताने बाजूला व्हायची खूण केली, कारण मी फोटोत येत होते. मी दोन पावलं मागे सरले. लगद्यात बरीच द्राक्षं अख्खीच दिसत होती. मावशींनी तुडवलं कसलं, पाय धुतले होते. मी तोंड उघडणार तोच काकांनी वरचा घड उचलला आणि त्यातलं सगळ्यात टपोरं द्राक्ष खुडलं.

‘पहिल्या मालानं तोंड गोड करू दे माझ्या बाईचं,’ ते म्हणाले. सगळ्या आया ‘सो स्वीट’ म्हणाल्या. मी ‘काका, थांबा’ म्हणाले, पण स्पीकरवर मोठ्याने गाणं चालू होतं. भाची नाचत होती, हसत होती, तोंड उघडंच होतं. काकांनी द्राक्ष तिच्या तोंडात ठेवलं आणि तेवढ्यात लगद्यावरून तिचा पाय सरकला.

घास पूर्ण अडकलेलं मूल आवाज करत नाही. हे कुणी सांगत नाही लोकांना. खोकणारं पोर बरं. ते आपलं आपण झगडत असतं. भाचीचं तोंड उघडं होतं, डोळे मोठे झाले होते आणि तिच्यातून काहीच येत नव्हतं. सभोवार सगळे फोनकडे बघून हसत होते. काकांना वाटलं, ठसका लागला. आपल्याकडे ठसक्याला जे करतात तेच त्यांनी केलं. तिच्या टाळूवर थोपटत, हनुवटी उचलून म्हणायला लागले, ‘वर बघ बाळा, वर बघ, चिमणी बघ कुठं गेली!’

मी काकांना ढकललं. ते बेसावध होते, टबाच्या काठावरून थेट लगद्यात बसले. भाचीला मी मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली, आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने दोन्ही खांद्यांच्या मधोमध हाणलं. थोपटलं नाही, हाणलं. पुन्हा हाणलं. कुणीतरी ओरडलं, ‘अहो, मारताय काय तिला!’ कुणीतरी माझा दंड धरला, तो मी हिसडला. कुणी तिच्या तोंडात बोट घालायला आलं, त्या बाईला मी काय शिवी दिली ते मला आठवत नाही. पुन्हा हाणलं. तिच्या तोंडातून काहीतरी उडालं, लगद्यात पडलं, आणि तिने असं भोकाड पसरलं की गाणं ऐकू येईनासं झालं.

भावजयीने तिला माझ्या हातातून ओढून घेतलं. आणि मी काय केलं असेल? मी टबात गुडघ्यावर बसून ते द्राक्ष शोधायला लागले. मला ते सगळ्यांना दाखवायचं होतं. पण त्या टबात अख्खी द्राक्षं शेकड्याने होती. सगळी सारखी हिरवी, सारखी ओली, सारखी न चावलेली. मी एक उचलायचे, ठेवायचे, दुसरं उचलायचे. कोपरापर्यंत लगद्यात हात घातलेली, ओरडून ओरडून घसा बसलेली एक बाई, आणि तिच्याभोवती गोल करून उभ्या असलेल्या आया. मी त्यांच्या जागी असते तर मीसुद्धा त्या बाईला वेडी म्हटलं असतं.

द्राक्ष कुणालाच दिसलं नव्हतं. भावजय काकांच्या पाठीमागून व्हिडिओ काढत होती. त्यात काकांची पाठ दिसते, टोपी दिसते, मग काका पडतात आणि नंतर माझा हात वर जातो, खाली येतो. खाली काय आहे ते दिसत नाही, फक्त पोराचे पांढरे पाय हलताना दिसतात. बाकीच्यांचे व्हिडिओही तसेच. संध्याकाळपर्यंत ते पालकांच्या ग्रुपवर फिरले. मुलांवर हात उचलणाऱ्यांना आमच्या परिसरात प्रवेश नाही, असं मॅडमनी खाली लिहिलं आणि त्याखाली हात जोडल्याची चित्रं आली.

तिला डॉक्टरकडे न्या, असं मी दुपारी दारात उभी राहून बजावलं होतं. घशात अडकलेलं निघालं तरी छाती तपासून घ्यावी लागते. तेवढं त्यांनी ऐकलं. डॉक्टरांनी तपासलं, छाती स्वच्छ आहे म्हणाले, पाठीवर मात्र लाल वळ आहेत म्हणाले. परत आल्यावर भावजयीने तेच दोन मुद्दे माझ्या तोंडावर फेकले.

‘छातीत काही नव्हतंच. साधा ठसका होता, बाबांनी वर बघायला लावलं तेव्हाच उतरला. आणि तुम्ही तिला गुरासारखं बडवलंत.’

‘आवाज येत नव्हता तिचा. तुला दिसायला हवं होतं. तू फोनमधून बघत होतीस, म्हणून दिसलं नाही.’

‘तुम्ही रविवारपासून तेच म्हणत होतात. घशात अडकेल, घशात अडकेल. तुम्हीच ओढवून घेतलंत.’

म्हणजे एका दमात दोन आरोप. काही झालंच नाही, आणि जे झालं ते माझ्या जिभेने झालं. मी भावाकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. काका कोपऱ्यात टोपी हातात घेऊन बसले होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते द्राक्ष स्वतःच्या हाताने घातलं होतं. मला वाटतं, अंगणात काय झालं ते त्या घरात माझ्याखेरीज त्या एकाच माणसाला कळलं होतं. पण त्यांच्या तोंडून ते निघालं नाही, आणि मी त्यांना विचारलं नाही. निघालं असतं तर त्यांना पुढे जगता आलं नसतं.

‘काही दिवस राहू दे, ताई,’ भाऊ शेवटी म्हणाला. ‘आम्ही बाई बघतो.’

बाई सोमवारी आली. सटाण्याकडची होती, बरी होती, उगीच कशाला वाईट म्हणू. भावजय बँकेत गेल्यावर मी तिला जिन्यात गाठून द्राक्ष कसं उभं चिरायचं ते सांगितलं. ती म्हणाली, ‘घरच्या मॅडमनी सांगेल शे, तुमच्याशी बोलायचं नाय.’ तरी सगळं ऐकून घेतलं तिने, मान खाली घालून.

भाचीला मात्र मी दुरूनच पाहत होते. वर तिच्या पावलांचा आवाज यायचा, खुर्ची ओढल्याचा, रडल्याचा, हसल्याचा. माझ्या घरात परात तशीच ओट्याखाली. मी रागाने घर पुसायचे, रागाने भाजी चिरायचे, आणि मनातल्या मनात मॅडम, भावजय, भाऊ, त्या फोनवाल्या आया, सगळ्यांना रांगेत उभं करून बोलायचे. माझं काय चुकलं, हे मला अजूनही कुणी पटवून दिलेलं नाही.

महिनाभराने एके सकाळी लिफ्ट बंद होती. मी जिना चढत होते आणि वरून बाई भाचीला घेऊन उतरत होती. भाचीने मला पाहिलं आणि ती थांबली. मी हात पुढे केले. तिने बाईच्या पदरात तोंड लपवलं, मग एक डोळा बाहेर काढून माझ्याकडे बोट दाखवलं.

‘आत्याने मारलं,’ ती म्हणाली.

बाई ओशाळली. ‘असं नाय बोलायचं,’ म्हणाली. ज्या पोराच्या तोंडात मी पहिला घास घातला, त्याला माझी एवढीच आठवण राहिली आहे. भावजयीचं मी ऐकून घेतलं नसतं, मॅडमचं तर नाहीच नाही. पण हिच्याशी मी काय भांडणार?

‘आत्याने मारलं! पाठीत मारलं!’ आता ती चिडली होती. मान ताणून, गाल लाल करून, सगळा जिना दणाणून सोडत होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडलं. तिचा आवाज घशातून मोकळा येत होता, अडखळत नव्हता, मध्ये दम लागत नव्हता. मी तिथेच पायरीवर बसले.

‘हो,’ मी म्हटलं, ‘मारलं. सांग सगळ्यांना. अजून मोठ्याने सांग.’